हालचाल मोजणारी यंत्रं आणि फिजिओथेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्ण, त्यांच्या घरची मंडळी आणि नुकतेच शिकून बाहेर पडलेले फिजिओ यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून ते एका जागी उतरवले आहेत. सोपे आधी, अडनिडे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अंगाला सेन्सर लावून किंवा कॅमेऱ्यासमोर उभं करून नेमकं काय मोजतात?

सांधा किती वाकला, किती वेगाने वाकला आणि कोणत्या क्षणी वाकला, हे मुख्यतः. चालण्याची तपासणी असेल तर पाऊल किती लांब पडलं, ते किती वेळ जमिनीवर टेकलं, डावी-उजवी बाजू किती सारखी आहे, हेही. दुखतंय का, पडण्याची भीती वाटतेय का, दम लागलाय का, हे यंत्राला कळत नाही. ते तुम्हीच सांगायचं असतं.

२. मार्कर, सेन्सर आणि मोबाइलचा कॅमेरा यांत फरक काय? सगळ्यात चांगलं कोणतं?

प्रयोगशाळेत हाडांच्या उंचवट्यांवर चकाकणारे छोटे गोळे, म्हणजेच मार्कर, चिकटवतात आणि खोलीभर लावलेले इन्फ्रारेड कॅमेरे त्यांची जागा टिपतात. गोळ्याची जागा मिलिमीटरपेक्षाही कमी चुकीने कळते. पण गोळा कातडीवर असतो, हाडावर नाही. चालताना मांडीची कातडी आणि स्नायू हाडावरून सेंटीमीटरभर किंवा त्याहून जास्त सरकतात. त्यामुळे इतक्या महागड्या यंत्रणेतही सांध्याच्या पिळाचा कोन काही अंशांनी चुकू शकतो.

पट्ट्याने बांधायच्या सेन्सरमध्ये वेगबदल मोजणारा आणि फिरण्याचा वेग मोजणारा भाग असतो. बऱ्याचदा सोबत होकायंत्रासारखा चुंबकीय भागही असतो. फिरण्याचा वेग मिळवत मिळवत कोन काढला जातो, त्यामुळे छोटी चूक साठत जाते. पुढे-मागे, आजूबाजूला किती कललं यातली चूक गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून दुरुस्त करता येते. तोंड कोणत्या दिशेला आहे यासाठी मात्र चुंबकीय भागाचा आधार लागतो, आणि लोखंडी पलंग किंवा ट्रेडमिल जवळ असेल तर तोच गोंधळतो.

मोबाइलचं अ‍ॅप चित्रातून सांध्यांच्या जागा ओळखतं. गूगलच्या मीडियापाइप या सॉफ्टवेअरमध्ये असे ३३ बिंदू असतात. यात पाठीच्या मणक्यावर आणि खांद्याच्या पात्यावर एकही बिंदू नाही, हे लक्षात ठेवा. प्रश्न ९ मध्ये ते कामाला येईल.

चांगलं कोणतं, हे कशासाठी हवंय त्यावर ठरतं. घरी गुडघा रोज किती वाकतोय एवढंच पाहायचं असेल तर फोन पुरतो. मुलाच्या पायाची शस्त्रक्रिया ठरवायची असेल तर पुरत नाही.

३. अनुभवी फिजिओला डोळ्यांनी दिसतंच की. मग यंत्र कशाला?

खूपसं दिसतं, हे खरंच. तीन ठिकाणी डोळा कमी पडतो. झपाट्याने घडणाऱ्या गोष्टी, उदाहरणार्थ उडी मारून टेकताना गुडघा क्षणभर आत जाणं. हळूहळू होणारा बदल, कारण महिन्यापूर्वीची चाल कुणालाच नीट आठवत नसते. आणि क्लिनिकबाहेरचा दिवस. या तिन्हींपैकी काहीच प्रश्नात नसेल तर यंत्राविना उपचार चालू ठेवायला काही हरकत नाही. यंत्र आहे म्हणून प्रत्येकाला लावायचं, या प्रकाराचा मला तरी कंटाळा आहे.

४. काल अ‍ॅपने गुडघा ९२ अंश दाखवला, आज ८८. बिघडलं का?

बहुधा नाही. हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

प्रत्येक मापनात चूक असते. क्लिनिकमधला साधा गोनिओमीटर (सांध्याचा कोनमापक) घेऊन दोन फिजिओंनी एकच गुडघा मोजला तरी ५ अंशांचा फरक सहज पडतो. फोनच्या कॅमेऱ्यात तो यापेक्षा कमी असेल असं धरून चालू नका. म्हणजे चार अंश वाढले तरी पेढे वाटू नयेत आणि चार कमी झाले तरी हताश होऊ नये.

शिवाय गुडघाही दिवसभर एकसारखा नसतो. सकाळी आखडलेला असतो, व्यायामानंतर मोकळा होतो, संध्याकाळी सूज चढली की पुन्हा कमी वाकतो. हाताने किंवा चादरीने ओढून वाकवलेला कोन आणि स्वतःच्या ताकदीने वाकवलेला कोन हे तर वेगळेच आकडे आहेत. घरात एका दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरा मोजला जातो आणि मग काळजी सुरू होते.

म्हणून वेळ ठरवा, स्थिती ठरवा, दोनदा गुडघा मोकळा करून मग तीन वेळा मोजा आणि सरासरी लिहा. आठवड्याची तुलना आठवड्याशी करा. आकडा सलग दोन आठवडे खाली जात असेल तर फिजिओला कळवा. मात्र शस्त्रक्रियेनंतर पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, गरम लागली किंवा ताप आला तर अ‍ॅप बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तिथे कोनाचा प्रश्नच नसतो.

एक जाता जाता: सगळ्यांचं लक्ष गुडघा वाकण्याकडे असतं. चालताना पाय पुढे घ्यायला सुमारे ६० अंश लागतात, जिना उतरायला ९० च्या आसपास, बुटक्या खुर्चीतून उठायला आणखी थोडे. पण गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर माणूस लंगडत राहतो, वाकणं कितीही सुधारलं तरी. तो दुसरा आकडाही लिहून ठेवा.

५. घरी मोबाइलने रेकॉर्ड करताना फोन कसा ठेवायचा?

हातात धरू नका. स्टूलवर टेकवा, आणि ज्या सांध्याचं मोजमाप आहे साधारण त्याच उंचीवर ठेवा. गुडघा किंवा कोपर वाकवण्यासाठी कॅमेरा बरोबर बाजूने हवा. पाय कॅमेऱ्याकडे वळला की पडद्यावर मांडी आखूड दिसते आणि अ‍ॅप चुकीचा कोन काढतं. गुडघा आत झुकतोय का हे पाहायचं असेल तर फोन समोर हवा. एकाच कॅमेऱ्यातून दोन्ही गोष्टी भरवशाने मिळत नाहीत, आणि मांडीचं आत-बाहेर फिरणं तर जवळजवळ कळतच नाही.

पूर्ण शरीर चौकटीत येऊ द्या, डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडून. खिडकी पाठीमागे नको; माणूस काळा दिसतो. सैल पायजमा किंवा घोळदार कपडा असेल तर अ‍ॅप कापडाच्या कडेलाच गुडघा समजतं, म्हणून अंगाबरोबर बसणारे कपडे घाला. जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा करून ठेवा, एक स्टूलसाठी आणि एक पायांसाठी. फोन रोज त्याच जागी असणं हे फोन महागडा असण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

चालण्यासाठी सेकंदाला ३० चित्रं बहुधा पुरतात. धावणं किंवा उडी असेल तर स्लो-मोशन चालू करा.

६. चालण्याच्या रिपोर्टमध्ये पानभर आकडे आहेत. मी कोणते पाहू?

आधी एकच: चालण्याचा वेग. सेकंदाला ०.८ मीटरच्या वर वेग असेल तर स्ट्रोकनंतरचा माणूस साधारणपणे घराबाहेर बऱ्यापैकी स्वतंत्रपणे फिरू शकतो, ०.४ च्या खाली असेल तर वावर घरापुरता राहतो, असा ढोबळ अंदाज वापरतात. वेगात ०.१ मीटरचा फरक पडला तर तो सहसा रोजच्या जगण्यात जाणवतो.

मग टेकण्याचा काळ. निरोगी माणसाच्या चालीत एक पाय चक्राचा (एकदा टेकल्यापासून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंतचा काळ) सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के हवेत असतो. एका पायाचा टेकलेला वेळ कमी दिसला तर तो पाय भार घ्यायला कचरतोय, दुखण्यामुळे किंवा कमजोरीमुळे. सममितीचा, म्हणजे डावी-उजवी बाजू किती सारखी याचा, आकडा एकटा वाचू नका. दोन्ही पाय सारखेच अडखळत असतील तरी तो छान दिसतो. बाकीचं फिजिओवर सोपवा.

७. गेम खेळत किंवा व्हीआर (आभासी जग दाखवणारं यंत्र) लावून व्यायाम केला तर लवकर बरं वाटतं का?

लवकर बरं वाटण्याची हमी नाही. स्ट्रोकनंतरच्या व्हीआरवर कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा २०१७ चा आढावा आहे, त्यात ७२ चाचण्या आणि २४७० रुग्ण होते. हाताच्या कामाबाबत नेहमीच्या उपचारापेक्षा व्हीआर सरस ठरलं नाही. नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून दिलं, म्हणजे एकूण व्यायामाचा वेळ वाढला, तेव्हा फायदा दिसला. यावरून माझं मत असं की गेममुळे कंटाळा न येता जास्त वेळा हात हलत असेल तर तो जरूर खेळा; फिजिओची वेळ कापून गेम दिला जात असेल तर नको म्हणा.

फिट येत असतील, चक्कर येत असेल किंवा मान दुखत असेल तर डोक्याला लावायचं यंत्र विचारल्याशिवाय वापरू नका. तोल सांभाळायच्या व्यायामात कुणीतरी शेजारी उभं हवंच, कारण खरी जमीन तुम्हाला दिसत नसते.

८. स्क्रीनवर सतत आकडा किंवा रंग बघत व्यायाम केला तर चालेल?

सुरुवातीला चालेल, नंतर कमी करा. १९८४ साली साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी मांडलेला विचार आजही शिकवला जातो: प्रत्येक वेळी निकाल दाखवला तर सराव चालू असताना कामगिरी छान दिसते, पण माणूस त्या निकालावर विसंबतो आणि तो काढून घेतला की हालचाल ढासळते. म्हणून पहिल्या काही दिवसांनंतर प्रत्येक पुनरावृत्तीला न बघता पाच-सहा झाल्यावर एकदा बघा. बघण्याआधी स्वतः अंदाज सांगा, ‘आता ७० झाला असेल’, आणि मग स्क्रीन पाहा. स्ट्रोकनंतर सांधा कुठे आहे हे जाणवत नसेल तर जास्त काळ स्क्रीन लागू शकते. ते फिजिओ ठरवतील.

९. अ‍ॅप हिरवी खूण देतं आणि फिजिओ म्हणतात चुकतंय. कुणाचं ऐकायचं?

फिजिओचं, आणि कारण विचारून घ्या. शरीर एका जागी कमी पडलं की दुसरीकडून भरून काढतं. हात कानापर्यंत नेताना साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून आणि ६० अंश पात्याच्या फिरण्यातून येतात. खांदा आखडलेला माणूस पातं लवकर वर ओढतो आणि धड दुसऱ्या बाजूला कलवतो. अ‍ॅप जर हाताचा कोन उभ्या रेषेशी मोजत असेल तर त्याच्या लेखी हात वर गेला, गुण मिळाले. पात्यावर बिंदूच नाही, मग ते दिसणार कसं?

स्ट्रोकमध्येही हेच होतं. समोरचा फुगा फोडायचा गेम असतो, कोपर सरळ होत नाही, म्हणून माणूस कमरेतून पुढे झुकून फुगा गाठतो. गुण वाढत जातात आणि कोपर तिथल्या तिथे राहतं. अशा वेळी धड खुर्चीच्या पाठीला पट्ट्याने रोखून तोच गेम खेळवला तर खरा आकडा बाहेर येतो. बहुतेकदा तो आधीच्यापेक्षा बराच खाली असतो, रुग्ण हिरमुसतो, त्याला आधी सांगून ठेवावं.

१०. आकडे सुधारले पण दुखणं तसंच आहे. मी खोटं बोलतोय असं वाटेल का?

मुळीच नाही. कोन आणि वेदना हातात हात घालून चालतातच असं नाही. दुखणं ० ते १० मध्ये किती, झोप लागते का, कोणतं काम अजून जमत नाही, हे त्याच वहीत कोनाशेजारी लिहा. रिपोर्ट दाखवून कुणी ‘आता सगळं नॉर्मल आहे’ म्हणालं तर ती वही पुढे करा.

११. आई वॉकर घेऊन दिवसभर चालते, तरी घड्याळ मोजकीच पावलं दाखवतं. घड्याळ खराब आहे का?

घड्याळ ठीक आहे, जागा चुकली आहे. मनगटावरचं यंत्र हाताच्या झोक्यावरून पावलं ओळखतं. वॉकर धरला की हात हलत नाही. शिवाय सावकाश, घसटत टाकलेल्या पावलाचा धक्का इतका हलका असतो की यंत्र तो पाऊल म्हणून धरत नाही. घोट्याला बांधायचं यंत्र अशा चालीत बरंच बरं काम करतं. कोणतंही घेतलं तरी आधी तुम्ही शेजारून चालत ५० पावलं मोजा आणि यंत्राचा आकडा पाहा. खूप तफावत असेल तर पावलांचा नाद सोडा आणि दिवसात किती वेळा उठून चालली, एवढंच लिहा.

१२. बाबांना पार्किन्सन्स आहे. घरी दारात पाय खिळतात, पण तपासणीत चाल छान येते. असं का?

क्लिनिकमध्ये माणूस प्रत्येक पावलाकडे लक्ष देऊन चालतो, वाट रुंद आणि सरळ असते. घरी अरुंद दार असतं, वळण असतं, त्यात कुणीतरी हाक मारतं. पाय खिळणं नेमकं तिथेच होतं. अंगावरचे सेन्सर इथे खरोखर कामाचे आहेत, कारण ते कित्येक दिवस घरीच नोंद घेतात. पाय खिळताना पावलं थांबली तरी पाय सेकंदाला ३ ते ८ वेळा थरथरतात आणि नेहमीच्या चालीची लय त्याहून संथ असते. या फरकावरून यंत्र ते प्रसंग शोधतं. विश्रांतीतला कंप ४ ते ६ वेळांचा असल्याने कधीकधी गल्लत होते.

सोबत गोळ्यांच्या वेळा लिहिल्या नाहीत तर ही सगळी नोंद जवळपास वाया जाते. गोळीचा असर असताना आणि उतरल्यावर तो जणू दुसराच माणूस चालत असतो.

१३. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, टाचा उचलून चालतो. ऑपरेशनआधी चालीची प्रयोगशाळेत तपासणी सांगितली आहे. खरंच गरज आहे?

हो, आणि यंत्राचा एवढा स्पष्ट उपयोग क्वचितच सापडतो. टाच उचललेली दिसली की घोट्यामागचा स्नायू आखडला आहे असं वाटतं. काही मुलांत ते खरं असतं. काहींत घोटा सरळच असतो, पण गुडघा आणि खुबा वाकलेले राहतात, म्हणून टाच जमिनीला पोचत नाही. दोन्ही मुलं लांबून सारखीच दिसतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलाची टाचेची शीर लांब केली तर पोटरीचा आधार जातो आणि मूल आणखी वाकून चालू लागतं. ते दुरुस्त करणं अतिशय कठीण असतं.

प्रयोगशाळेत प्रत्येक सांध्याचा कोन, जमिनीतल्या पट्टीवर पडणारा जोर आणि स्नायू कधी काम करतो याची विद्युत नोंद एकत्र घेतात. त्यावरून एकाच वेळी कुठे कुठे शस्त्रक्रिया करायची ते ठरतं, आणि आधी केलेला बेत बदलल्याचंही अनेकदा घडतं. मुलाला आदल्या दिवशी समजावून सांगा की टोचणार नाही, फक्त गोळे चिकटवून चालायचं आहे. घाबरलेल्या मुलाची चाल ही त्याची रोजची चाल नसते.

१४. गुडघ्यातल्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर दोन्ही पाय ९५ टक्के सारखे आलेत. खेळायला लागू का?

एवढ्यावरून नको. ९० टक्के सममिती हा रूढ निकष आहे, पण तुलना ‘चांगल्या’ पायाशी असते आणि कित्येक महिने न खेळल्याने तोही अशक्त झालेला असतो. दुसरं असं की एका पायावर लंगडी उडीचं अंतर सारखं येऊ शकतं, तरीही ऑपरेशन झालेला गुडघा धक्का कमी घेतो आणि खुबा व घोटा ते भागवतात. टेकतानाचे कोन पाहिले तरच हे कळतं. शिवाय दिवस मोजा: वळणं-थांबणं असलेल्या खेळांत ९ महिन्यांआधी परतणं टाळलेलं बरं, आकडे कितीही चांगले असले तरी.

१५. कृत्रिम पाय आहे, किंवा व्हीलचेअर वापरतो. कॅमेऱ्याचं अ‍ॅप चालेल का?

सावधपणे. ही अ‍ॅप्स मुख्यतः दोन हात, दोन पाय असलेल्या, उभ्या माणसांच्या चित्रांवर शिकलेली असतात. कृत्रिम पायाचा घोटा ते भलत्याच जागी ठेवतात, कधी नसलेला पायही काढून दाखवतात. व्हीलचेअरच्या चाकाआड खुबा झाकला की तिथे निव्वळ अंदाज असतो. पडद्यावर काढलेला सांगाडा खऱ्या अंगावर बसतोय का, हे आधी डोळ्यांनी पाहा. नसेल बसत तर पट्ट्याचा सेन्सर वापरा.

तोच घोळ आधार देणाऱ्या माणसामुळेही होतो. फिजिओने कोपर धरलं की अ‍ॅप फिजिओचाच हात रुग्णाचा म्हणून मोजायला लागतं.

१६. पेसमेकर आहे, गुडघ्यात धातूचा सांधा आहे. सेन्सर लावले तर धोका?

सेन्सर स्वतः अंगात वीज सोडत नाही, फक्त नोंद घेतो आणि फोनसारख्याच मंद लहरींनी पाठवतो. पट्ट्याला चुंबकाची कडी असेल तर ती पेसमेकरजवळ नको. स्नायूंना विजेचे झटके देणारं यंत्र सोबत जोडलेलं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे; हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी हवी. धातूच्या सांध्याने मोजमाप सहसा बिघडत नाही, बिघडवतो तो प्रश्न २ मधला लोखंडी पलंग. चिकटपट्टीने पुरळ येत असेल तर आधीच सांगा, पट्टा वापरता येतो.

१७. माझे व्हिडिओ कोण बघतं?

अ‍ॅपनुसार ठरतं, म्हणून विचारा: चित्र फोनमध्येच राहतं की बाहेर जातं, किती दिवस ठेवतात, उपचार संपल्यावर पुसतात का, आणि कंपनी तेच व्हिडिओ आपलं अ‍ॅप सुधारायला वापरते का. काही अ‍ॅप्स व्हिडिओ टाकून देतात आणि फक्त सांगाड्याचे बिंदू ठेवतात. ते बरं, पण चालीवरूनही माणूस ओळखता येतो, त्यामुळे ‘चेहरा नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. घरात रेकॉर्ड करताना मागे कोण वावरतंय तेही बघा.

१८. मी नवीन फिजिओ आहे. यंत्र घेताना काय विचारू?

माझ्या रुग्णांसारख्या रुग्णांवर ते तपासलंय का. निरोगी तरुणांवरची अचूकता दाखवत असतील तर ती कामाची नाही. त्याच माणसावर पुन्हा मोजलं तर किती फरक पडतो. कच्ची नोंद माझ्याकडे काढून घेता येते का. आणि कंपनीने यंत्र बंद केलं तर काय. हा शेवटचा प्रश्न हवेतला नाही: मायक्रोसॉफ्टचा हालचाल टिपणारा कॅमेरा किनेक्ट २०१० मध्ये खेळासाठी आला, कितीतरी पुनर्वसनाची सॉफ्टवेअर त्यावर उभी राहिली, २०१७ मध्ये उत्पादन थांबलं. पुढे आलेला अझुर किनेक्टही २०२३ मध्ये बंद झाला.

१९. रिपोर्टमध्ये दुखरा पाय चांगला आणि चांगला पाय वाईट दिसतोय. असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि पहिला संशय अदलाबदलीवर घ्या. डावा सेन्सर उजव्या पायाला बांधला गेला, किंवा सेल्फी कॅमेऱ्याने चित्र आरशासारखं उलटवलं, की पूर्ण रिपोर्ट फिरतो. खात्री करायला एकदा फक्त उजवा पाय उचला आणि पडद्यावर कोणता हलतो ते बघा. अदलाबदल नसेल तर मात्र रिपोर्ट खराही असू शकतो: दुखऱ्या पायाचा भार दिवसरात्र वाहणारा पाय थकतो आणि दुखायलाही लागतो. तपासणीत त्याही पायाची ताकद मोजायला सांगा.